आत्याचा आजार केसपेपरवर यावा

स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिराला कोल्हापुरात चांगला प्रतिसाद मिळाल्याची बातमी वाचली. शिबिरे हवीतच, पण केसपेपर भरणाऱ्या परिचारिकेला आनुवंशिक कर्करोगाचे प्रशिक्षण नसेल, तर जोखमीचे घर नेमके निसटते. साधारण ५ ते १० टक्के कर्करोग आनुवंशिक असतात. स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाची जोखीम वाढवणारा बीआरसीए जनुकातील दोष आईइतकाच वडिलांकडूनही येतो आणि तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. तरीही ‘घरात कुणाला कॅन्सर?’ असे विचारले की उत्तर येते ‘नाही’. निपाणीला दिलेली आत्या ‘घरात’ धरलीच जात नाही. म्हणून तीन पिढ्या, दोन्ही बाजू, निदानाच्या वेळचे वय आणि अवयव विचारावा. नुसते ‘पोटाचा कॅन्सर’ लिहून भागत नाही. अंडाशय की आतडे, हे जुन्या बायोप्सी रिपोर्टवरून पाहावे. अंडाशयाचा असेल तर वय न पाहता जनुकीय चाचणीचा विषय काढावा.

चाचणी शक्यतो आधी रुग्णाचीच व्हावी. घरातला दोषच माहीत नसताना निरोगी मुलीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, तर त्या दिलाशावर विसंबता येत नाही. जनुकात ‘अर्थ अनिश्चित’ असा, म्हणजे घातक की निरुपद्रवी हे अजून न कळलेला बदल आढळला, तर त्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नये, हेही बहुधा परिचारिकेलाच समजवावे लागते. डॉक्टर राउंड संपवून पुढे गेलेले असतात! परिचर्या महाविद्यालयांनी केमोथेरपीच्या प्रशिक्षणातच वंशावळ काढायला शिकवावे. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजारी व्यक्तीचे चिन्ह भरीव, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

– एक परिचर्या शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर