सात वर्षांच्या मुलाला पाच नंबरचा चेंडू नको

संपादक महोदय,

मुंबईतील अनेक प्राथमिक शाळांत आता फुटबॉल शिकवतात, याचा आनंद आहे. पण पहिली-दुसरीच्या मुलांपुढे मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू टाकणे थांबायला हवे. त्याचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम. तो लांब जावा म्हणून मूल पायाच्या आतल्या बाजूने पास देण्याऐवजी बोटांनी ठोकते आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, बारापर्यंत चार नंबरचाच चेंडू द्यावा.

वीस मुलांची एकच रांग आणि एक चेंडू, हा तर वेळेचा निव्वळ अपव्यय! दोघांत एक चेंडू हवा. शेवटची वीस मिनिटे चार-चार जणांचे सामने, गोलरक्षकाविना. साधारण २५ बाय १५ मीटर जागा पुरते, आझाद मैदानच हवे असे नाही. सिमेंटच्या पटांगणात मात्र स्टडचे (तळव्याला खुंट्या असलेले) बूट नकोत. पाय घसरून घोटा मुरगळतो. हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणे, या वयात शिकवूच नये. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०२० मध्येच प्राथमिक वयोगटाच्या सरावातून ते वगळले.

आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात दर पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून पाणी द्यावे. खेळात रमलेले मूल स्वतःहून मागत नाही.

– शालेय फुटबॉल प्रशिक्षक, दादर, मुंबई