सुमे, आईला एक फोन कर

सुमे,

फोनवर तू मधेच तोडून तुझंच सुरू करतेस, म्हणून लिहिते. आम्ही बरे. गुडघा आहे तसाच, ह्यांचं बीपी गोळीवर.

आईला जुलाब झाले. जीभ कोरडी, हाताला चिमटा काढला की कातडी तशीच उभी. डॉक्टरांनी ओआरएस सांगितलं, तर म्हणे, "त्यात साखर असते. मला नुसतं मीठ-पाणी दे." पाकीट भिंगाखाली धरलं, ग्लुकोज १३.५ ग्रॅम यावर बोट ठेवलं, आणि माझी पाठ वळताच तांदळाच्या डब्यात लपवलं!

आता हिला एसजीएलटी-१, म्हणजे आतड्याच्या पेशीत ग्लुकोज नेणारं वाहन, कसं समजवायचं, हे तुझ्याशिवाय कुणाला विचारू? तोंडी परीक्षेला तू "ग्लुकोज आत घ्यायला एटीपी, पेशीचं इंधन, जळतं" म्हणून मोकळी झालीस आणि बाहेर येऊन मलाच झापलंस, की एटीपी पंपाला लागतं हे आधी का नाही सांगितलं. सांगितलं होतं गं, जिन्यात उभं राहून! पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो. खर्च होतो तो तिथे. पेशीत सोडियम कमी पडलं की आतड्यातलं सोडियम आत यायला बघतं. पण हे वाहन म्हणजे आपल्या स्टँडवरची शेअर रिक्षा. दोन सोडियम, एक ग्लुकोज, तिघं बसल्याशिवाय सुटत नाही. पाणी त्यांच्या मागोमाग. आईच्या नुसत्या मीठ-पाण्यात तिसरं गिऱ्हाईकच नाही!

कॉलऱ्यातही ही सोय शाबूत राहते. म्हणून तर १९७१ मध्ये बंगालच्या सीमेवरच्या बनगावला, बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांची रीघ लागलेली आणि सलाइन संपत आलेलं असताना, डॉक्टर दिलीप महालनबिसांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ड्रमातून पाजला, आणि माणसं वाचली. हेही आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना डायबिटीस होता का?"

हस तू. पण तिचं अगदीच चूक नाही. तिची साखरेची नवी गोळी मूत्रपिंडातल्या एसजीएलटी-२ला, म्हणजे याच्याच भावाला, अडवते. साखर लघवीवाटे जाते आणि पाणीही ओढून नेते. जुलाब थांबेपर्यंत डॉक्टरांनी ती बंद केली. झालं! "गोळी बंद करता आणि वर साखर पाजता?" शेवटी माझ्याकडे डोळे वटारत घोट घोट करून लिटरभर प्यायली. मशिनवर आकडा थोडा चढला, तर मला संध्याकाळपर्यंत ऐकवलं.

आता ती ठीक आहे. माझा जीव अडकलाय तो पुढच्यात. मी पुण्याला परतले की इथे कोण? कामाच्या बाई तिच्या शब्दाबाहेर नाहीत. तहान तिला हल्ली लागतच नाही, आणि काही झालं तर कळवणार नाही. दादा म्हणतो, "व्हिडिओ कॉल करत जा." कॉलवर ती पदर नीट करून, हसून बसते. त्यातून जीभ कोरडी आहे का, काय कळणार? पुण्याला न्यावं तर "तुमच्या फ्लॅटमध्ये जीव गुदमरतो." यावरून ह्यांच्याशी माझं वाजलं, ते सविस्तर भेटल्यावर.

चिनूचं ॲडमिशन झालं का? जाऊबाई बोलायला लागल्या? कळव.

आणि आईला फोन कर. तुझं ती ऐकते, का ते देव जाणे. पुन्हा जुलाब झाले तर आधी मला कळवायचं आणि पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं, एवढं वदवून घे. साखरेचा विषय तू काढू नकोस, तीच काढेल.

तुझी,
मंगल