ड्रिल मशीन आहे, पकड हवी आहे : कार्यशाळेसाठी आवाहन

सर्व रहिवासी, माजी रहिवासी व मंडळाच्या हितचिंतकांना सस्नेह नमस्कार.

जिन्याखालच्या आपल्या कार्यशाळेसाठी हे आवाहन आहे : ड्रिल मशीनवर काम घट्ट धरून ठेवणारे सामान घ्यायला मदत हवी आहे. गेल्या वर्षी याच विषयाचा कागद फळ्यावर दीड महिना लावला होता. मदत दोन घरांतून आली. बाकीच्यांनी वाचलाच नाही असे म्हणवत नाही, कारण त्या दीड महिन्यात कपाटाच्या बिजागऱ्या, कुकरच्या मुठी आणि पडद्यांचे दांडे घेऊन माणसे त्याच फळ्यावरून आत येत होती. मनाला लागले. एकदा बोलून टाकले, आता कामाचे सांगतो.

त्याआधी फिटरकाकांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नव्या मुलांनी त्यांना फोटोतच पाहिले असेल. काका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. गिरणगावातली अडीच लाख माणसे कामावरून बाहेर आली, आणि काका त्यांतलेच एक. पुढे गिरणी धड सुरू झाली नाही, पण हातातली विद्या होती. हप्त्याने त्यांनी एक सेकंडहँड बेंच ड्रिल घेतले, राजकोटी बनावटीचे, 13 मिमी चकचे, म्हणजे 13 मिमीपर्यंतचा बिट (भोक पाडायचे पाते) पकडणारे. दहा बाय बाराच्या खोलीत खाटेच्या डोक्याशी ते मशीन उभे असायचे. दुपारी दोन ते चार काका ते बंद ठेवत, शेजारची तान्ही मुले झोपलेली असत म्हणून. त्या मशीनवर दोन मुलींची लग्ने झाली, मुलाचे डिप्लोमाचे शिक्षण झाले. मुलाकडे बदलापूरला जायची वेळ आली तेव्हा भंगारवाला दारात उभा होता. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि मशीन मंडळाला दिले. चौघांनी मिळून ते खाली उतरवले तेव्हा काका प्रत्येक पायरीवर पुढे उभे होते, हे मी विसरणार नाही.

आणि मशीन देऊन ते मोकळे झाले नाहीत. दोन वर्षे दर रविवारी लोकलने येऊन त्यांनी मुलांना शिकवले. बोथट बिटला धार कशी लावायची, धातू कडक तसा पट्टा कुठल्या पुलीवर घेऊन वेग बदलायचा, सगळे. दोन षटकोनी नट सपाट बाजूने एकमेकांना चिकटवून ठेवले की मधल्या खाचेत 120 अंशांचा कोन मिळतो, बिटचे टोक 118 चे, जवळजवळ तेवढेच, म्हणजे घरच्या घरी तपासायला माप तयार. हे त्यांनीच दाखवले. साध्या लोखंडाला 10 मिमीचा बिट मिनिटाला आठशे-साडेआठशे फेऱ्यांवर चालवा, तीनचारशे कमी चालले तरी चालेल, जास्त नको, हा त्यांचा नियम आजही भिंतीवर त्यांच्या अक्षरात आहे.

खानावळवाल्या आजींचेही ऋण आहे. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, त्या काळापासून आजी डबे करत होत्या. कार्यशाळेला पहिली पाचशे एकची पावती त्यांच्या नावाची आहे. वायरिंग बदलून देणारे बेस्टमधले दादा, भिंतीला स्वतः चुना काढणारे पोस्टमनकाका, खोलीचे भाडे कधीही न मागणारे चाळमालकांचे कुटुंब, आणि पुनर्विकासात टॉवरमध्ये गेल्यावरही दर दिवाळीला बिटचा सेट पाठवणारी दोन घरे, या सर्वांना मंडळ विसरलेले नाही.

या खोलीने केलेले काम तुमच्यासमोरच आहे. गेल्या गणपतीत गोवर्धन वर उचलणारा कृष्ण सगळ्या वाडीने पाहिला. तो डोंगर वर-खाली नेणारे कॅम (फिरता फिरता दांडा उचलणाऱ्या चकत्या), दांडे आणि बिजागऱ्या आपल्याच मुलांनी भोके पाडून जोडल्या होत्या, बाहेरून एक रुपयाचे काम करून घेतले नाही. पालिका शाळेची बाके दुरुस्त झाली. तळमजल्यावरच्या आजोबांचा वॉकर त्यांच्या उंचीला बसेल असा झाला. आपली एक मुलगी फिटर ट्रेडला आयटीआयमध्ये गेली.

आता गरज. मशीन ठणठणीत आहे. पण काम घट्ट धरून ठेवणारे सामान जवळपास नाही, आणि त्यापायी फेब्रुवारीत काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. पातळ पत्र्याला 10 मिमीचे भोक पाडत होतो. बिट पत्र्याच्या पलीकडे निघायच्या क्षणी कडेला धरतो, हे शिकवलेले होते, तरीही पत्रा हाताने धरलेला होता. तो सुटला आणि बिटबरोबर फिरला. मुलाच्या तळहाताला सात टाके पडले. मी तीन फुटांवर उभा होतो. चूक मंडळाची, माझी. त्या मुलाच्या आईने पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा खाली पाठवले आणि एवढेच म्हणाल्या, "आता धरायला काहीतरी आणा." हे आवाहन त्यांच्या त्या वाक्यासाठी आहे.

म्हणून सगळ्यात आधी मशीन व्हाइस, म्हणजे काम जबड्यात आवळून धरणारा शिकंजा. जबडा 100 मिमीचा, बिडाचा, खाली टेबलाला बोल्टने बसणारा, आणि एका जबड्यात उभी-आडवी खाच असलेला, म्हणजे गोल सळईही धरता येते. त्याच्या जोडीला क्लॅम्पिंग सेट, म्हणजे काम टेबलावर दाबून धरायचे सामान : टेबलाच्या खाचेत अडकणारे टी-बोल्ट, पट्ट्या आणि पायऱ्यांचे ठोकळे. आपल्या टेबलाची खाच 14 मिमीची आहे, तिला एम-12 चा बोल्ट लागतो. कृपया माप न पाहता आणू नका, गेल्या वेळी एका सद्गृहस्थांनी प्रेमाने आणलेला सेट अजून डब्यात पडून आहे.

व्ही-ब्लॉकची, म्हणजे गोल काम बसवायला व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांची, जोडी. जिन्याच्या कठड्याचा पाइप आठवा. गोल पाइपवर नुसत्या नजरेने सोळा भोके पाडली, पाच आरपार सरळ गेली नाहीत, बोल्ट तिरके बसले आणि पाइप पुन्हा आणावा लागला. व्ही-ब्लॉकमध्ये पाइप बसवून मध्यरेषा बिटखाली आणली असती तर तो खर्च वाचला असता. बिट सरकू नये म्हणून आखूड सेंटर ड्रिलही हवे. आधी सेंटर पंचची (ठोकून खूण करायच्या टोकदार सळईची) खूण, मग सेंटर ड्रिल, मग बिट.

चक जुना झाला आहे, 3 मिमीखालचे बिट त्यात थरथरतात. नवा 13 मिमीचा, बी-16 टेपरचा (टेपर म्हणजे चक ज्यावर बसतो तो निमुळता भाग) लागेल. चावी स्प्रिंगची हवी, जी हात सोडताच आपोआप बाहेर पडते. चावी चकमध्ये विसरून मशीन सुरू झाले तर ती गोळीसारखी उडते.

पत्र्यासाठी स्टेप ड्रिल. त्याच्या पायऱ्या भोक हळूहळू मोठे करतात, कडेला धरत नाहीत. स्क्रूचे डोके बसवायला 90 अंशांचा काउंटरसिंक. लाकडासाठी फॉर्स्टनर बिट (सपाट बुडाचे रुंद भोक पाडणारा) : 15, 20, 25 आणि मुख्य म्हणजे 35 मिमी, कारण कपाटाच्या लपत्या बिजागरीची वाटी 35 मिमीचीच असते आणि रविवारी सर्वांत जास्त काम तेच येते. हा बिट संथ चालवावा लागतो आणि लाकूड क्लॅम्प केलेलेच असावे लागते, नाहीतर भोकाची कड फाटते.

लाकडी टेबल आम्ही स्वतः करणार आहोत. सुतारकाकांनी मजुरी घेणार नाही म्हणून सांगितले आहे. त्यांना फक्त 18 मिमी प्लायचे दोन तुकडे हवेत. मधला चौकोन बदलता येईल असा ठेवू, म्हणजे खालून लाकूड तुटणार नाही आणि लोखंडी टेबलालाही बिट लागणार नाही. मागे सरळ पट्टी, तिच्यावर सरकता ठोकळा. एकाच मापाची वीस भोके पाडायची असली की दर वेळी आखणी करावी लागत नाही.

पायाने दाबायचा स्विचही घ्यायचा आहे, दोन्ही हात कामावर राहतात आणि पाय उचलताच मशीन थांबते. चुंबकाच्या बुडाचा एक दिवा आणि चार गॉगल. हातमोजे मात्र कोणी देऊ नयेत. फिरत्या बिटजवळ हातमोजा, ओढणी, लांब बाही, गळ्यातली माळ, यांतले काहीही चालणार नाही, हा नियम सर्वांसाठी आहे.

दोघांनी क्रॉस व्हाइस सुचवला. काम सरकवून जागेवर आणायला तो चांगला, पण त्यावर मिलिंग (फिरत्या पात्याने बाजूने धातू कापणे) करून पाहावे असे मुलांना वाटणारच. ड्रिल मशीनचा चक टेपरवर नुसता दाबून बसलेला असतो, बाजूने जोर आला की सुटतो. म्हणून तो सध्या नको. सँडिंग ड्रमचेही (लाकूड घासायच्या पॉलिश कागदाच्या फिरत्या नळकांड्याचेही) तेच, हलक्या हाताने वापरण्याची शिस्त आधी येऊ दे.

पावसाळा तोंडावर आहे. मुंबईच्या हवेत उघडे बिट आठवड्यात तांबूस होतात, म्हणून झाकणाचे दोन पत्र्याचे डबे आणि लिटरभर मशीन ऑइल मिळाले तर आत्ताच्या आत्ता उपयोगी पडेल. देखाव्याचे काम आषाढीनंतर लगेच सुरू होते. तोपर्यंत व्हाइस आणि क्लॅम्प आले नाहीत तर मुलांना मशीनजवळ येऊ देणार नाही, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. मग देखाव्याचे काम बाहेर द्यावे लागेल.

नागदेवी स्ट्रीटवरच्या तीन दुकानांचे भाव काढून एकूण खर्च 21,500 रुपये धरला आहे, जमा 6,200. रोख किंवा वस्तू खजिनदारांकडे, रोज संध्याकाळी 7 ते 9, मंडळाच्या खोलीत, आषाढी एकादशीपर्यंत. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. करसवलत मिळत नाही. जुनी वस्तू चालेल, पण माप आधी विचारावे. खरेदीला दोन सभासद बरोबर जातील, बिले फळ्यावर लागतील. अकरा रुपयेही चालतील, नाव लिहिले जाईल. मोठी रक्कम देणाऱ्यांचे वेगळे फलक लावणार नाही, सर्वांची एकच यादी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सचिव

ता. क. : मागच्या रविवारी 8 मिमीचा बिट कोणी घरी नेला असल्यास परत आणून द्यावा. रविवारच्या वर्गात तोच लागतो.