लसीनंतरचा अर्धा तास बाळाच्या खेळाला द्या : गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

आरोग्य केंद्रात बाळाला लस टोचली की आईला अर्धा तास थांबायला सांगतात. लसीचा काही त्रास तर होत नाही ना, हे पाहण्यासाठी ते हवंच. त्या अर्ध्या तासात कुणीतरी आईबापांना बाळाशी कसं खेळावं, कसं बोलावं ते करून दाखवावं, एवढ्या एका मागणीसाठी मी हे पत्र लिहिते आहे. मी निवृत्त परिचारिका. सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या गावांमध्ये लसीकरणाच्या सत्रांना बसण्यात माझी नोकरी गेली.

गोव्याने बाळं जगवली, ही लहान गोष्ट नाही. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत आपला अर्भकमृत्युदर हजार जन्मांमागे ५ होता, देशातल्या सर्वांत कमी दरांपैकी एक. बाळंतपणं जवळपास सगळी दवाखान्यातच होतात. जन्मल्यावर, मग दीड महिन्याला, अडीच महिन्याला, साडेतीन महिन्याला, नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा महिन्यांनंतर आई बाळाला घेऊन आपल्या दारात येते. पहिल्या दीड-दोन वर्षांत एका कुटुंबाला इतक्या वेळा भेटणारं दुसरं सरकारी खातं मला तरी माहीत नाही.

या भेटींत आम्ही आईशी काय बोलतो? लसीकरणाचे चार संदेश आम्हाला पाठ असतात. आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, ताप आला किंवा सूज आली तर काय करायचं, पुढचा डोस कधी, आणि कार्ड जपून ठेवा, येताना आणा. चारही संदेश गरजेचे आहेत. पण त्यांत बाळ हसतं का, आवाजाकडे वळतं का, त्याच्याशी घरात कोण बोलतं, याचा शब्द नाही. माझं म्हणणं, पाचवा संदेश खेळाचा असावा, आणि तो तोंडी न सांगता करून दाखवावा.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१८ साली बालसंगोपनाची जी चौकट मांडली, तिच्यात आरोग्य, पोषण आणि सुरक्षितता यांच्या बरोबरीने दोन गोष्टी आहेत. बाळाच्या खुणा ओळखून त्याला प्रतिसाद देणं, आणि अगदी पहिल्या दिवसापासून शिकण्याची संधी देणं. बाळ ‘आऽऽ’ करतं, आई ‘आऽऽ’ करून थांबते, बाळ पुन्हा बोलतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू ज्या वेगाने घडतो, त्या काळात हीच देवाणघेवाण त्याचं खाद्य असते. आपण वजनकाट्यावर जे दिसतं ते पाहतो, हे राहून जातं.

लसीकरणाच्या भेटीला हे जोडता येतं का? जमैका, अँटिग्वा आणि सेंट लुसिया या कॅरिबियन बेटांवर करून पाहिलं गेलं आहे. तीन, सहा, नऊ, बारा आणि अठरा महिन्यांच्या नेहमीच्या तपासणीला आलेल्या मातांना प्रतीक्षागृहातच छोट्या चित्रफिती दाखवल्या, आरोग्य सेविकेने त्यावर गप्पा मारून खेळ करून घेतले, आणि आत नर्सने एक कार्ड हातात दिलं. सोबत चित्रांचं पुस्तक, लहानसं कोडं. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या मुलांचा बौद्धिक विकास इतरांपेक्षा चांगला झाला होता. घरोघरी जावं लागलं नाही, वेगळं केंद्र उभारावं लागलं नाही.

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू या सार्वजनिक रुग्णालयात दुसरी रीत आहे. बाळाच्या तपासणीच्या दिवशीच एक प्रशिक्षित व्यक्ती आईबापांना भेटते, एखादं खेळणं किंवा पुस्तक देते, ते बाळाशी खेळत असताना पाचेक मिनिटांचं चित्रण करते आणि लगेच त्यांच्यासोबत बसून पाहते. ‘हे बघा, तुम्ही थांबलात तेव्हा बाळ तुमच्याकडे वळलं’, असं त्यांचंच चांगलं वागणं त्यांना दाखवते. चुका काढत नाही. ही मुलं मोठी होऊ लागल्यावर त्यांच्यात अतिचंचलपणा कमी आढळल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवलं आहे. आपल्याकडे यासाठी वेगळा कॅमेराही लागणार नाही. आईच्याच मोबाइलवर चित्रण करा, तिलाच दाखवा, केंद्रात प्रत ठेवू नका. संध्याकाळी ती फीत बाबा पाहील, आजी पाहील.

चुका न काढण्याचं मला फार महत्त्व वाटतं. आपल्या केंद्रांत आई बाकावरून उठून आत येते ती बहुधा घाबरलेली असते. वजन कमी का, डोस चुकला का, बाहेरचं दूध का पाजलं, असे प्रश्न तिची वाट पाहत असतात. त्याऐवजी पहिलं वाक्य ‘तुमचा आवाज ऐकला की बाळ कसं बघतं बघा’ असं असेल, तर पुढचं सगळं ती ऐकते. हे मी पाहिलेलं आहे.

आता गोव्यातल्याच एका अभ्यासाकडे आपलं लक्ष वेधते, कारण मला तो या सगळ्याच्या मुळाशी वाटतो. २००२ आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. इथल्या जिल्हा रुग्णालयातल्या मातांची बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहणी केली, तेव्हा सुमारे २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही त्यामागची काही कारणं. बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा या मातांची बाळं वजनात आणि लांबीत मागे होती, मानसिक विकासाच्या चाचणीतही मागे. म्हणजे डोस द्यायला आलेल्या, समोर बसलेल्या चार-पाच जणींपैकी एकीला हसायचंसुद्धा बळ नसू शकतं, आणि आपण तिच्या कार्डावर तारीख घालून तिला घरी पाठवतो.

म्हणून खेळाचा हा अर्धा तास फक्त बाळासाठी नाही. ‘बाळाशी खेळा’ असं फलकावर लिहून भिंतीला लावलं, तर अशा आईच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढेल. पण चटईवर तिच्या शेजारी कुणी बसलं, तिच्या बाळाला मांडीवर घेऊन दोन शब्द बोललं, तर कोणती आई खेळते आणि कोणती नुसती बघत राहते हे पाच मिनिटांत कळतं. त्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवता येतं. यासाठी मानसोपचारतज्ज्ञांचीच फौज लागते असंही नाही. आरोग्य क्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि चिंतेवर मदत करता येते, हे गोव्यातच ‘संगत’ या संस्थेच्या ‘मानस’ प्रकल्पात दिसून आलं, आणि २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. इथे सिद्ध झालेली गोष्ट आपण बाळंतिणीच्या बाकापर्यंत का नेऊ नये?

हे काम लस टोचणाऱ्या सिस्टरच्या गळ्यात मात्र घालू नका, ही कळकळीची विनंती. तिच्यापुढे रांग, शीतपेटीचं तापमान, रजिस्टर आणि यू-विन या लसीकरणाच्या ऑनलाइन यंत्रणेवरच्या नोंदी असतात. तिने फक्त पाचवा संदेश द्यावा. चटईवर दुसरी कुणी हवी. अंगणवाडी सेविका असो किंवा केंद्रासाठी नेमलेली गावातली बाई असो, तिला त्या वेळेचं मानधन मिळालं पाहिजे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ साली ‘नवचेतना’ नावाची रूपरेषा आणली आहे. जन्मापासून तीन वर्षांपर्यंत महिन्या-महिन्याचे खेळ तिच्यात दिलेले आहेत, नव्याने काही लिहायला नको. पण ती अंगणवाडीच्या खात्याकडे, आणि तान्ही बाळं येतात आपल्या खात्याकडे. दोन खात्यांनी एकत्र बसून एक परिपत्रक काढलं तरी ही अडचण सुटेल.

खेळणी विकत घेण्याची गरज नाही. दीड महिन्याच्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचा चेहरा सर्वांत चांगला दिसतो, त्याचं खेळणं म्हणजे आईचं तोंड. साडेतीन महिन्याला रंगीत कापड डोळ्यांपुढून हळू सरकवायचं, हात पुढे येईपर्यंत थांबायचं. नवव्या महिन्यात पातेल्याचं झाकण आणि चमचा, कापडाखाली लपवलेली वाटी, कुकूऽऽक. सोळाव्या महिन्यात टोपलीत कांदे-बटाटे भरायचे आणि उपसायचे. तोंडात अख्खं मावेल असं काही द्यायचं नाही, हेही तिथेच दाखवायचं. पायांवर न्हाऊ घालताना आज्या बाळांशी जे बोलायच्या त्यात यातलं पुष्कळ होतं. आता वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांत पाळ्या करणारी जोडपी भाड्याच्या खोलीत राहतात, आजी गावी असते, आणि रडणारं बाळ मोबाइलने गप्प होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण त्या जागी काय करायचं हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

बाप स्कूटर लावून बाहेर उभे असतात. त्यांना नाव घेऊन आत बोलवावं. कार्डं कोंकणी आणि मराठीसोबत कन्नड आणि हिंदीतही हवीत, नाहीतर चिखली, वास्कोकडची कितीतरी कुटुंबं पुन्हा बाहेरच राहतील.

आणखी एक अडचण आहे. साडेतीन महिन्यांच्या डोसनंतर नवव्या महिन्यापर्यंत लस नसते. बाळ बसायला, पकडायला, माणसं ओळखायला लागतं तो सगळा काळ आपल्या नजरेआड जातो. वरचं अन्नही तेव्हाच सुरू होतं. सहाव्या महिन्यात एक भेट ठरवावी, ती अंगणवाडीत झाली तरी चालेल, आणि तिथे भरवणं आणि खेळणं एकत्र दाखवावं.

सुरुवात सगळ्या राज्यात एकदम नको. वाळपई, साखळी, चिखली आणि काणकोण इथे एक वर्ष करून पाहावं. गोवा मेडिकल कॉलेजच्या बालरोग आणि सामुदायिक आरोग्य विभागांनी सुरुवातीपासून मोजमाप ठेवावं, आणि जे निघेल ते, अपयशासकट, लोकांपुढे मांडावं. चटया, टोपल्या, कापडं यांचा खर्च केंद्राच्या किरकोळ निधीतून भागण्यासारखा आहे. तरतूद लागेल ती मानधनाची आणि प्रशिक्षणाची, आणि ती येत्या अर्थसंकल्पात व्हावी. प्रशिक्षणासाठी आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका तालुक्या-तालुक्यांत आहेत. बोलावलंत तर येऊ.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, सत्तरी