पट्टी घासायच्या आधी गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला तो स्टीलच्या पट्टीनं अंग घासून स्नायू मोकळे करायच्या उपचारावरचा, ज्याला आयएएसटीएम म्हणतात, पानभर लेख मी दुकानात बसून दोनदा वाचला, रात्री झोप लागली नाही म्हणून आज शटर उघडायच्या आधी लिहायला बसलोय. लेखात चांगलं पण आहे. अमेरिकेतल्या डेव्हिड ग्रास्टनचा वॉटर स्कीइंग करताना गुडघा दुखावला आणि त्यातून ही हत्यारं निघाली, हे मला माहीत नव्हतं. लेखात म्हटल्याप्रमाणे पोलीस भरतीला १६०० मीटर पळणाऱ्या पोरांच्या टाचांना फरक पडला असेल तर आनंदच आहे. पण साहेब, एवढ्या पानभर मजकुरात ही पट्टी कुणाला लावू नये याची एक ओळ नाही. एक सुद्धा नाही. आणि त्या न छापलेल्या ओळीचं काय होतं ते आमच्या घरानं भोगलंय.

माझी थोरली बहीण, आक्का, सेलूकडच्या खेड्यात राहते. मागच्या दिवाळीच्या आधी तिची अँजिओप्लास्टी झाली, हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, टाकलाय, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रोज चालू. म्हणजे रक्त पातळ राहायच्या गोळ्या. तरी बाई वेचणीला गेलीच, ऐकत नाही. पंधरा दिवसांत उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ सुरू झाली, तांब्या उचलता येईना, भाकरी थापता येईना. टेनिस एल्बो. नाव टेनिसचं असलं तरी आमच्याकडं हे दुखणं कापूस वेचणाऱ्या, धारा काढणाऱ्या, धुणं पिळणाऱ्या बायांचं आहे.

भाच्यानं तिला शहरातल्या एका सेंटरला नेलं. नाव घेत नाही. दहा सेशनचं पॅकेज, पैसे आधी. तिथल्या पोरानं मलम लावून कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी ओढली, आक्का दोनदा म्हणाली की बाबा आग व्हायली, तर म्हणे गाठी फुटायल्यात मावशी, थोडं सहन करा. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर ती हात पदराखाली घेऊन बसलेली. मी पदर बाजूला केला. साहेब, हात कोपरापासून खाली काळाजांभळा झालेला, कडंला हिरवट पिवळं, आणि सुजून काचेच्या बांगड्या अशा रुतल्या होत्या की साबण लावूनही निघेनात, शेवटी रुमाल गुंडाळून एकेक फोडावी लागली. मी विचारलं, त्यांनी गोळ्यांचं विचारलं होतं का? नाही म्हणाली. भाच्याला विचारलं. नाही. बीपी? शुगर? काहीच नाही. फक्त मोबाईल नंबर लिहून घेतला.

याच्या पुढचं तर अजून वाईट आहे. भाच्यानं त्या सेंटरला फोन लावला, तर तिकडून सांगितलं, ती रक्ताची गोळी चार दिवस बंद ठेवा, मग पुढचं सेशन करू. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं. मी तसाच आक्काच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, ते अक्षरशः ओरडले, विचारल्याशिवाय गोळी थांबवली तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो, हाताचं काळंनिळं परवडलं पण हे नाही. मी शेजारी नसतो तर आक्कानं गोळी बंद केली असती. डॉक्टर म्हणले, झालं, एवढंच तिला पुरे असतं.

नंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडं नेलं. त्यांनी हाताला हात लावायच्या आधी गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या. उघडी जखम, न जुळलेलं हाड, शिरेत गुठळी, कॅन्सर, इन्फेक्शन, यातलं काही असेल तर पट्टी लावायचीच नाही, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा शुगरमुळं कमी झालेली संवेदना असेल तर फार जपून किंवा नाहीच, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. चीनमधल्या ग्वाशा नावाच्या जुन्या घासायच्या उपचारात लाल वळ उठवायचेच असतात, पण इथं काळंनिळं होणं हा काही उपचाराचा हेतू नाही. पट्टी तिरपी धरून थोडाच वेळ हलक्या हातानं फिरवायची, खरखर कुठं लागते ते बघायचं, आणि खरं काम त्यानंतरच्या ताण देण्याच्या आणि ताकदीच्या व्यायामांचं. उंदरांच्या टाचेच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, प्रयोग झाले, त्यात पेशी वाढलेल्या दिसल्या, पण माणसांवरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत, काहींत फायदा दिसतो, काहींत फारसा नाही. एवढं सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली. तुमच्या पानात तेवढी जागा होती.

आक्काला त्यांनी पट्टी लावलीच नाही. टेबलाच्या कडंला हात पालथा ठेवून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली डाव्या हाताच्या मदतीनं वर घ्यायची आणि उजव्यानं हळूहळू, पाचपर्यंत मोजत खाली सोडायची. पंधरा-पंधरा वेळा, तीनदा. घागर उचलताना तळवा वर ठेवायचा. दीड-दोन महिने गेले, पण परवा तिनं भाकरी थापून मला वाढली.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. आमच्या औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शेतकऱ्याला अक्षर वाचता येत नसलं तरी मी त्याला तो रंग बोट ठेवून दाखवतो, कशावर मारायचंय, हातमोजे आहेत का, अंगावर जखम नाही ना, हे विचारल्याशिवाय डबा हातात देत नाही. किडीच्या औषधाला एवढं विचारतो आम्ही. आणि माणसाच्या अंगावर लोखंड घासणारा काहीच विचारत नाही? साडेचार वर्षांचा बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचा, कोर्स करून कौन्सिलला नोंदणी असलेली माणसं आपल्या भागात आहेत, अशा लोकांच्या नोंदणीसाठी केंद्राचा २०२१ चा कायदा पण झालाय, मग दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट भिंतीला लावून बसलेल्यांचे फोटो तुम्ही छापता तेव्हा नोंदणी क्रमांक तरी विचारत जा, ही हात जोडून विनंती आहे.

अजून एक. तुमची ही पुरवणी आक्काच्या गावात पोचतच नाही. पेपर सकाळच्या एसटीनं येतो, त्यात पुरवणी नसते, एजंटला विचारलं तर म्हणतो वरूनच येत नाही, आणि पैसे मात्र पूर्ण घेतात. वेचणी करणाऱ्या बायांची कोपरं त्या गावांत आहेत. तेव्हा पट्टी कुणाला लावू नये याची चौकट छापणार असाल, आणि छापाच, तर ती पुरवणीत टाकू नका, मुख्य अंकात पहिल्या पानाच्या खाली मोठ्या अक्षरात छापा. त्या दिवशीचे वीस अंक मी स्वतः विकत घेऊन सेलूच्या गाडीत ठेवीन.

आपला जुना वाचक,
एक कृषी सेवा केंद्रवाला, परभणी