रविवारची पालक-मुलं भटकंती
सभासदहो, येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता किनारी अभयारण्याच्या प्रवेशद्वारापाशी जमायचं आहे. ओहोटी साधून वेळ ठरवली आहे. पाणी चढलं की चिखलात किडे टिपणारे पक्षी उठून जातात. त्यामुळे कुणासाठी थांबणार नाही.

• प्रत्येक मुलासोबत आई किंवा बाबा हवेतच. वाट छोटी आहे, आजी-आजोबांनाही सोबत चालता येईल.
• दुर्बीण असल्यास आणा. भडक कपडे नकोत.
• फिडलर खेकडे सावली पडताच बिळात शिरतात. काही मिनिटं अजिबात न हलता बसलात तर पुन्हा वर येतात. एकच नांगी भलीमोठी असेल तर तो नर. (मुलांपेक्षा बाबांनाच गप्प बसवणं अवघड!)
• शंख उचलू नका, रिकाम्या शंखांतही काही खेकडे घर करतात.

येणाऱ्यांनी शनिवारी दुपारपर्यंत कळवावं.