आवडून घेण्याची सक्ती नको

प्रति,
मा. संपादक,
मुंबई

विषय : वेगळ्या वाटेचे चित्रपट आणि अर्ध्यावर उठून जाणारे प्रेक्षक

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत वेगळ्या वाटेच्या चित्रपटांविषयी नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. लेखकाने घरी जमलेल्या नातेवाइकांना आपला अत्यंत आवडता चित्रपट दाखवला, तो अर्ध्यावर येण्याआधीच निम्मी मंडळी काही ना काही निमित्त काढून उठली, आणि त्यावरून लेखकाने मराठी मध्यमवर्गाची अभिरुचीच खालावल्याचा निष्कर्ष काढला. किस्सा वाचनीय आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मुंबईतल्या फिल्म सोसायट्यांच्या, म्हणजे वर्गणीदार सभासदांना वेगळे चित्रपट दाखवणाऱ्या संस्थांच्या, खेळांना मी तरुणपणापासून जात आलो आहे, घरोघरी भरणारी अशी ‘खास’ प्रदर्शनेही पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की उठून जाणाऱ्यांच्या आधी बसवून ठेवणाऱ्याची चौकशी व्हायला हवी.

घरच्या प्रदर्शनात नेमके काय होते, ते एकदा नीट पाहावे. रविवारची संध्याकाळ असते, मुलुंडच्या किंवा गोरेगावच्या दोन खोल्यांच्या घरात पाचसहा माणसे सोफ्यावर आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली असतात, आणि ‘हा पिक्चर तुम्ही पाहायलाच हवा’ असे यजमानांनी सगळ्यांना आठवडाभर आधीपासून बजावलेले असते. पहिल्या दहा मिनिटांत पडद्यावर फारसे काही घडत नाही, कारण दिग्दर्शकाला तेच हवे असते. मेहुणे उशीआड मोबाइल धरून क्रिकेटचा स्कोअर पाहू लागतात. कुकरची शिट्टी झाली की वहिनी सुटका झाल्यासारख्या उठतात आणि परत येताना पोह्यांच्या बशा घेऊन येतात. ‘हा मघाचाच का रे?’ असे काकू विचारतात. यजमान रिमोटने चित्र थांबवतात, खुलासा करतात आणि प्रसंग थोडा मागे नेऊन पुन्हा लावतात. या सगळ्या वेळात यजमान स्वतः चित्रपट पाहतच नसतात. त्यांचे लक्ष पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर असते, हसण्याची जागा आली की ते सर्वांच्या आधी हसतात आणि कोणी हसले नाही तर वळून पाहतात. पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी वाढावी, तसा हा प्रकार आहे. ज्याला आपली परीक्षा चालू आहे हे ठाऊक असते, तो माणूस चित्रपट पाहू शकत नाही. तो ‘चांगला होता, जरा वेगळा होता’ एवढे म्हणून चपला पायात घालतो, आणि यजमान त्या ‘जरा’वर पुढे महिनाभर नाराज राहतात.

या प्रकारात एक अन्याय असा होतो की त्याची दखल सहसा कोणी घेतच नाही. परदेशी चित्रपटाखाली इंग्रजी उपशीर्षके असतात. ज्याचे शिक्षण आणि नोकरी इंग्रजीत झाली, त्याला ती वाचताना कष्ट पडत नाहीत, म्हणून ती सर्वांना सहज वाचता येतात असे तो धरून चालतो. परंतु ज्या काकूंनी आयुष्यभर मराठी वृत्तपत्र आणि मराठी कथा-कादंबऱ्या आवडीने वाचल्या, त्यांची पहिली ओळ वाचून होण्यापूर्वीच दुसरी आलेली असते. वाचावे तर चित्र निसटते आणि चित्र पाहावे तर संवाद निसटतात. अशा अवस्थेत दोन तास बसलेल्या बाईंनी ‘मला काही कळलं नाही’ असे म्हटले, तर तो त्यांच्या अभिरुचीचा पुरावा कसा होतो? मराठी उपशीर्षके असलेला परदेशी चित्रपट आपल्याकडे शोधून सापडत नाही, याबद्दल रसिक म्हणवणाऱ्या मंडळींपैकी कोणी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्या लेखकांनी जो चित्रपट दाखवला तोही परदेशी होता, असे लेखावरून दिसते.

दुसरे असे की, ज्या चित्रपटांचे आज भक्तगण आहेत, ते कोणाच्या दिवाणखान्यातल्या आग्रहामुळे मोठे झालेले नाहीत. ‘जाने भी दो यारों’ हे मुंबईकरांच्या जवळचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून, सात लाखांच्या आसपास खर्चात कुंदन शाह यांनी केलेला हा चित्रपट १९८३ साली लागला, तेव्हा त्याने फारशी गर्दी खेचली नाही. बिल्डर, पालिका आयुक्त आणि नियतकालिकाची संपादक यांच्या साट्यालोट्याची ही गोष्ट, दोन भाबड्या छायाचित्रकारांना कैद्यांच्या कपड्यांत याच शहराच्या रस्त्यावर आणून संपते. हसवता हसवता असा शेवट पुढ्यात आला, की पहिल्या खेपेस माणूस गोंधळतो. पुढे दूरदर्शनवर आणि व्हिडिओ कॅसेटवर तो पुनःपुन्हा दिसत राहिला. कोणी तो मधूनच पाहिला, कोणी फक्त महाभारताच्या नाटकाचा धुडगूस आणि द्रौपदीच्या वेशातले त्या आयुक्ताचे प्रेत पाहिले, आणि मग उरलेला शोधून काढला. २०१२ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत चित्रपटगृहांत लागली, तोवर त्याचे संवाद पाठ असलेली एक पिढी तयार झालेली होती. या पिढीला कोणीही समोर बसवून चित्रपट समजावला नव्हता.

‘तुंबाड’ची गोष्ट तर अगदी अलीकडची आहे. कोसळत्या पावसातल्या कोकणाचे असे चित्रण असलेला राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. पाहणाऱ्यांनी वाखाणला, पण धंदा बेताचाच झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई करून गेला. चित्रपटही तोच होता आणि शहरातला प्रेक्षकही बहुतांशी तोच. मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो आपापल्या सवडीने, आपापल्या मोबाइलवर, कोणाच्या देखरेखीशिवाय पाहिला, एवढाच काय तो फरक. न्यूयॉर्कमध्येही काही निराळे घडले नाही. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ मध्ये आपटला, १९७६ मध्ये वेव्हर्ली चित्रपटगृहात मध्यरात्रीच्या खेळांना लागला आणि तिथे एकमेकांना न ओळखणारे प्रेक्षक पडद्याला उलट उत्तरे देऊ लागले, पडद्यावर लग्नाचा प्रसंग आला की तांदूळ उधळू लागले. त्यांच्यापैकी कोणी एकाने ते सगळे आपल्या सासुरवाडीच्या मंडळींना घरी बसवून करायला लावले असते, तर काय झाले असते याची कल्पना करावी.

सर्वांत दुर्घट उदाहरण कमल स्वरूप यांच्या ‘ओम दर-ब-दर’चे. १९८८ मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट आपल्याकडच्या चित्रपटगृहांत रीतसर लागायला जानेवारी २०१४ उजाडले. अजमेर-पुष्करच्या पार्श्वभूमीवरची, पाण्याखाली श्वास रोखून धरणारा मुलगा आणि पोटात हिरे असलेले बेडूक यांच्यासह चालणारी ती गोष्ट थोडक्यात कशी सांगावी, हे मला आजही साधत नाही. मधल्या काळात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या आणि मुंबईतल्या तरुणांनी कॅसेटच्या प्रतीवरून प्रत काढून तो पाहिला. चित्र इतके पुसट की बेडूक कोणता आणि दगड कोणता ते ओळखू येऊ नये. ज्याला तो आवडला, त्याने पुढच्या माणसाला प्रत दिली आणि तो निघून गेला. माझ्या मते या ‘निघून जाण्यात’च सारे मर्म आहे. कॅसेट देणारा पाहणाऱ्याच्या शेजारी बसत नसे, त्यामुळे ती अर्ध्यावर बंद करणाऱ्याला खोटे बोलावे लागत नसे.

आणि नावडले म्हणजे कळले नाही, असे तरी का मानावे? ‘कोर्ट’ हा चैतन्य ताम्हाणे यांचा चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ तो पाहायला आमच्याबरोबर आले होते. त्यांची सारी नोकरी मुंबईतल्या एका कनिष्ठ न्यायालयात कारकुनीत गेलेली. शेवटाकडे त्या रिकाम्या न्यायालयातले दिवे एकेक करून मालवले जातात आणि कॅमेरा अंधारात तसाच उभा राहतो; तिथे चित्रपट संपला असे समजून काही लोक उठले, हे गृहस्थ मात्र हलले नाहीत, कारण शिपाई दिवे कोणत्या क्रमाने घालवतो हे ते तपासत होते. बाहेर पडल्यावर त्यांनी सांगितले, ‘सगळं खरं आहे. तारखा अशाच पडतात, साहेब असेच वाचून दाखवतात. पण हे मी आयुष्यभर रोज पाहिलं, आता तिकीट काढून कशाला पाहू?’ पुढे न्यायाधीशांची सहल दाखवली ती त्यांना मुळीच पटली नव्हती आणि त्याची कारणे त्यांनी चर्नी रोड येईपर्यंत सांगितली. त्या चित्रपटाला व्हेनिसला आणि दिल्लीत सन्मान मिळाले, त्यावर मी पुष्कळ स्तुतिपर लिखाण वाचले आहे; परंतु या गृहस्थांच्या नापसंतीइतके बारकाईने पाहिलेले त्यात थोडेच होते. त्यांना ‘तुमची अभिरुची तयार नाही’ असे सांगण्याचे धाडस आपल्या लेखकांनी केले असते का, हे मला विचारावेसे वाटते.

फिल्म सोसायट्यांच्या चळवळीने हा प्रश्न पूर्वीच, आणि माझ्या मते बऱ्याच शहाणपणाने, हाताळला होता. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला आणि १९६८ मध्ये आपल्या मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. तिथे येणारा माणूस स्वतःहून वर्गणी भरून येत असे. खेळापूर्वी कोणी जाणकार दोन शब्द बोले, मग अंधार होई, आणि त्या अंधारात तुम्ही झोपलात, कंटाळलात किंवा भारावलात, तरी शेजारच्या अनोळखी माणसाला त्याचे सुखदुःख नसे. चर्चेला थांबायचे की स्टेशन गाठायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. सेन्सॉरची कात्री न लागलेली परदेशी दृश्ये पाहण्याच्या उद्देशाने सभासद झालेली मंडळीही त्यात होती, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी काही जण त्या मोहाने आले आणि पुढे उत्तम प्रेक्षक झाले. आकाशवाणीच्या थिएटरात लागणाऱ्या समांतर चित्रपटांनाही असाच मिश्र प्रेक्षक येई आणि मध्यंतरात उठून जाणाऱ्याला कोणी अडवत नसे.

एका निराळ्या जातीच्या चित्रपटांचाही उल्लेख करायला हवा. कांती शाह यांचा १९९८ मधला ‘गुंडा’ आणि त्यातले यमक जुळवून बोलणारे बुल्ला, इबू हटेला, लंबू आटा हे महाभाग हल्लीच्या तरुणांत फार प्रिय आहेत, आणि तो मित्रमंडळींना खास हसण्यासाठी दाखवला जातो. तिथे वेगळी पंचाईत होते. ज्यांनी असे चित्रपट लहानपणी चित्रपटगृहात तिकीट काढून, खरे मानून पाहिले, त्यांच्या देखत ते ‘किती वाईट, म्हणून किती मजेदार’ म्हणून दाखवणे हे मला आग्रहापेक्षाही खटकते. आवडता चित्रपट लादणारा निदान प्रामाणिक तरी असतो.

माझे म्हणणे असे नाही की आवडलेली गोष्ट कोणाला दाखवूच नये. दाखवावी, परंतु दिवाणखान्यातून ती बाहेर काढावी. मुंबईत गिरगाव, दादर, पार्ले या भागांत जुनी वाचनालये आहेत, गृहनिर्माण संस्थांची सभागृहे वर्षातला बराच काळ रिकामी असतात, व्याख्यानमालांची परंपरा तर आपल्याला आहेच. संबंधितांकडून चित्रपटाच्या प्रदर्शनाची रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एखादा खेळ तिथे लावणे फार खर्चाचे नाही. खुर्च्यांच्या दोन रांगांत पुरेशी जागा सोडावी, म्हणजे उठून जाणाऱ्याला कोणाचे गुडघे ओलांडावे लागणार नाहीत. चहा शेवटी ठेवावा, म्हणजे चर्चेला थांबणारा खरोखर थांबलेला असेल. परदेशी चित्रपट असेल तर कथेचा गोषवारा मराठीत एका पानावर छापून आधी हाती द्यावा. काकूंना तेवढा आधार पुरतो, हे मी पाहिले आहे.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात चित्रपटांच्या खेळांची केवळ नावे आणि ठिकाणे येतात. त्यासोबत चित्रपट किती मिनिटांचा आहे, भाषा कोणती, उपशीर्षके कोणत्या भाषेत आहेत आणि नंतर चर्चा आहे की नाही, एवढा मजकूर छापण्याची व्यवस्था करावी. रात्री आठचा खेळ अडीच तास चालणार असेल आणि त्यापुढे चर्चा असेल, तर बदलापूरला परतायचे असलेल्या माणसाला ते घरून निघण्यापूर्वी कळलेले बरे.

आपला नम्र,
एक वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई